पाण्यावरची रेघ

जी गोष्ट टिकत नाही तीस 'पाण्यावरची रेघ' म्हणण्याचा आपल्या भाषेचा प्रघात जुना आहे. रेघ ओढावी आणि बोट उचलण्यापूर्वीच ती मिटून जावी, हा पाण्याचा स्वभावच होय. असे असूनही पाण्यावर रेघा ओढण्याचा नाद मनुष्याने कधी सोडला नाही. शेतास धुरा घालता येतो, रानास कुंपण घालता येते, गावाच्या शिवेवर दगड रोवता येतो. पाण्यास ह्यांपैकी काहीच मानवत नाही. म्हणून पाण्यावरची हद्द ही नेहमी माणसांच्या मनात, वहिवाटीत किंवा सरकारी कागदावर असते. ती कोणी आखली, कोणासाठी आखली आणि ती ओलांडणारास जाब कोणी विचारला, एवढे तीन प्रश्न विचारले म्हणजे त्या त्या काळच्या समाजाची पुष्कळशी ओळख पटते.

हा विषय मनात येण्यास निमित्त झाले ते एका अगदी नव्या खेळाच्या नियमांचे. ह्या खेळास काइटबोर्डिंग म्हणतात. आपण त्यातील खेळाडूस पतंगस्वार म्हणू. पायाखाली एक फळी, कमरेस पट्टा, त्या पट्ट्याशी जोडलेल्या वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकास वाऱ्यावर चढलेला प्रचंड पतंग, असा हा सरंजाम आहे. वारा पतंगास ओढतो, पतंग स्वारास ओढतो आणि स्वार लाटांवरून धावत सुटतो. पतंगाने नाव ओढून नेण्याची कल्पना जुनी आहे. १९०३ साली सॅम्युएल कोडी नावाच्या गृहस्थाने पतंगाने ओढलेल्या नावेतून इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधील खाडी ओलांडली होती. परंतु पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येईल असा हवेने फुगविलेल्या कण्याचा पतंग फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी सिद्ध केला आणि १९८४ साली त्याचे एकस्व मिळविण्याची खटपट केली, तेव्हापासून ह्या खेळाचा खरा इतिहास सुरू होतो. पुढील चाळीस वर्षांत तो इतका फोफावला की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. आपल्याकडे गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर हे पतंग दिसू लागल्यासही बरीच वर्षे लोटली.

खेळ नेत्रसुखद आहे ह्यात संशय नाही; परंतु ज्या पाण्यात लहान मुले व वृद्ध माणसे स्नान करीत आहेत त्या पाण्यात तो शिरला म्हणजे अनर्थास वेळ लागत नाही. कारण असे की, पतंगस्वाराचा पसारा त्याच्या फळीएवढा नसतो. त्याच्याभोवती दोरीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, तेवढी जागा तो व्यापीत असतो. पतंग खाली कोसळला की ताणलेल्या दोऱ्या पाण्यावर पसरतात आणि पोहणाराच्या हातापायांत वा गळ्यात अडकू शकतात. वाऱ्याचा झोत अचानक वाढला तर स्वार स्वतःचा धनी राहत नाही. वारा ज्या दिशेस वाहतो त्या दिशेस तो फेकला जातो. म्हणून जेथे हा खेळ रुजला तेथे त्याचे नियमही रुजले. पतंग उडविण्याची व उतरविण्याची जागा स्नानाच्या जागेपासून निराळी असावी. स्वाराने पोहणारांच्या वाऱ्याकडील अंगास राहू नये, म्हणजे तो सुटला तरी त्यांच्यावर जाऊन आदळणार नाही. किनाऱ्यालगत हळू जावे आणि वेगाचा खेळ दूर खोल पाण्यात करावा, हे त्यांतील मुख्य नियम होत. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरांच्या पट्ट्यात ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर, ह्याहून अधिक वेगाने जाण्यास मनाई आहे. न्यूझीलंडमध्ये तीच मर्यादा किनाऱ्यापासून २०० मीटरांच्या आत आणि पाण्यातील कोणाही माणसापासून ५० मीटरांच्या आत नौकांस लागू आहे. जीवरक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे तांबड्या-पिवळ्या निशाणांमधील पाणी पोहणाराचे आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या निशाणांमधील पाणी फळीवाल्यांचे, अशी वाटणीही पुष्कळ किनाऱ्यांवर केलेली असते.

ह्या नियमांत एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. पोहणारावर त्यांनी घातलेले ओझे फार थोडे आहे. स्वारावर घातलेले फार मोठे आहे. पोहणाराने स्वाराच्या वाटेत जाऊन उभे राहू नये एवढेच त्यास सांगितले आहे. अंतर मोजण्याची, दिशा ओळखण्याची आणि थांबण्याची जबाबदारी मात्र स्वाराची आहे. ज्याच्याजवळ वेग आहे त्याने दूर राहावे, हे ह्या साऱ्या नियमांचे सूत्र होय. स्वार धनिक आहे की दरिद्री, स्वदेशी आहे की परदेशी, ह्याची चौकशी नियम करीत नाही. तो कोणत्या वेगाने कोठे चालला आहे एवढेच पाहतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या भंडारा जिल्ह्याचा ह्या प्रकरणाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध दुहेरी आहे. पहिला इतिहासाचा: तलावांचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती आहे त्या ह्या प्रदेशात पाण्याची वाटणी हा शेकडो वर्षांच्या अनुभवाचा विषय आहे. दुसरा वर्तमानाचा: पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे राहिल्यापासून येथे एक विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, आणि त्यावर जलपर्यटनाचा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतलेला आहे. पतंगस्वार येथे येवोत वा न येवोत, यंत्राच्या नौका येणार; आणि ज्या दिवशी पाण्यावर वेग येतो त्या दिवशी रेघ आखावीच लागते. ती कशी आखावी हे ठरविण्यापूर्वी पूर्वी आखलेल्या रेघांचे काय झाले हे पाहणे उपयुक्त ठरेल.

आपल्या देशातील ह्या प्रकारचा फार प्राचीन नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. १९०९ साली म्हैसूर येथे शामशास्त्री ह्यांनी हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तोवर तो विद्वानांसही नावापुरताच ठाऊक होता. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात नावध्यक्ष नामक अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. अवेळी किंवा नेमून दिलेले तीर्थ सोडून भलत्याच ठिकाणी जो नदी उतरेल त्यास दंड सांगितला आहे. पण लगेच अपवादही सांगितला आहे. मासे धरणारे कैवर्त, लाकडाचे व गवताचे भारे वाहणारे, फुलाफळांच्या मळ्यांतील माणसे आणि गुराखी ह्यांस तो दंड नाही. ज्यांचे पोट त्या काठावर आहे त्यांस पाण्यात उतरण्यासाठी घाटाची व वेळेची अट घालणे हा अन्याय होईल, हे त्या कठोर राजनीतिज्ञास कळत होते. त्याहून विशेष म्हणजे, माणसे वा साधने अपुरी असल्यामुळे किंवा डागडुजी न केल्यामुळे नाव बुडाली तर झालेले नुकसान नावध्यक्षाने स्वतः भरून द्यावे, असे तो सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही नावाड्यांच्या दोषाने झालेली हानी नावाड्यांनी मिळून भरावी, दैवी आपत्तीत मात्र त्यांस दंड नसावा, असा निर्णय आहे. पाण्यावर ज्याच्या हाती सत्ता वा सुकाणू आहे त्याच्या शिरावर उत्तरदायित्व, हे तत्त्व परदेशातून आणावे लागलेले नाही.

आता भंडाऱ्याकडे वळू. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगतात, आणि त्यांतील मोठा वाटा जुन्या भंडारा जिल्ह्याचा आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा निराळा झाला. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंड राजाने ह्या लोकांस काशीहून आणले, अशी त्यांची परंपरागत कथा रसेल व हिरालाल ह्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. नवेगावचा विशाल बांध कोलू पाटील कोहळी ह्याने बांधला असे लोक सांगतात, आणि त्याभोवतीच्या टेकड्यांस सात बहिणी मानून त्यांची आठवण जतन करतात. कथेतील दैवी भाग बाजूस ठेवला तरी एक सत्य उरते: डोंगरांच्या बेचक्यात नेमकी कोठे पाळ घालावी, म्हणजे थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, हे ओळखणारी दृष्टी ह्या माणसांजवळ होती.

परंतु तलाव बांधणे हे अर्धे काम. तो वाटून वापरणे हे उरलेले अर्धे. एका तलावावर किती जणांचा भार असतो पाहा. धानाच्या बांध्यांस पाणी हवे, म्हणून तुडुमातून ते सोडावे लागते. पाणी उतरले की मासे धोक्यात येतात, म्हणून ढिवरास ते राहावेसे वाटते. शिंगाड्याच्या वेलीस स्थिर व उथळ पाणी लागते. गुरे पाण्यात शिरली की ते ढवळून निघते. कोणी आंघोळीस येतो, कोणी धुणे आणतो, कोणी घागर भरावयास येतो. अतिवृष्टी झाली तर जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहून गेलेच पाहिजे. तेथे कोणी जाळे वा अडथळा लावला तर पाळ फुटून खालचे गाव जाईल. ह्या सर्वांचा मेळ घालावयाचा म्हणजे अमुक काम अमुक काठास, अमुक काम अमुक दिवसांत, अशी वाटणी करणे भाग होते. ती कोणी ताम्रपटावर कोरली नव्हती. पण गावातील पोरासही ती ठाऊक असे.

इंग्रजी अंमल आल्यावर ह्या वहिवाटी प्रथम कागदावर आल्या. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात मालगुजारास गावाचा मालक ठरविण्यात आले. परंतु त्याबरोबरच गावोगावच्या रूढी नोंदविणारा 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागदही तयार होऊ लागला. रयतेस रानातून सरपण, गवत, माती आणि तलावातून पाणी घेण्याचा जो हक्क त्यास 'निस्तार' हा शब्द ह्या प्रदेशात अजून रूढ आहे. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारचे झाले, तरी निस्ताराची कल्पना बुडाली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ह्या दोहोंस स्थान आहे, आणि सिंचन, वाट व मासेमारी ह्यांविषयीच्या गावरूढी त्यात नोंदवाव्यात असे सांगितले आहे. जो कागद महसूलखात्याच्या दप्तरातील एक जुनाट बाड म्हणून आपण दुर्लक्षितो, तो वस्तुतः पाण्यावर आखलेल्या रेघांची नोंद आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल की जुन्या काळी सर्व काही सुरळीत होते आणि गावाने आखलेली रेघ ही नेहमी न्यायाची रेघ होती. तसे समजणे ही इतिहासाची विटंबना ठरेल. ज्या गावाने गुरांचा काठ व माणसांचा काठ निराळा केला, त्याच गावाने माणसामाणसांचे काठही निराळे केले. आणि ज्या पाण्यावर जनावरांस मज्जाव नव्हता तेथे अस्पृश्य मानलेल्या माणसास मज्जाव केला. ह्या रेघेचा निकाल महाराष्ट्रात कसा लागला हे सर्वविश्रुत आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात सी. के. बोले ह्यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मांडून संमत करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. पण ठरावाचा कागद कोरडाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. विरोधकांनी तळ्याची 'शुद्धी' केली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरास महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. नावाड्याच्या दोषाचा न्याय करणारी ती स्मृती पाण्याजवळ येणाऱ्या माणसाची जात विचारीत होती, हेच तिचे पाप होते. अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, तळ्यावर अस्पृश्यांस मज्जाव करणारी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल दिला.

महाडच्या प्रकरणातून जो विवेक निष्पन्न होतो तो प्रस्तुत विषयाचा गाभा होय. पाण्यावरची एक रेघ विचारते, 'तू कोण आहेस?' दुसरी विचारते, 'तू काय करीत आहेस?' गुरे ह्या काठास, आंघोळ त्या काठास, ही दुसऱ्या जातीची रेघ. अमक्या कुळात जन्मलेल्याने ह्या घाटावर येऊ नये, ही पहिल्या जातीची. दोन्ही दिसावयास सारख्याच, दोहोंसही रूढीचाच आधार. पण एक सर्वांच्या सोयीसाठी आहे आणि दुसरी काहींच्या अपमानासाठी. कोणताही नवा नियम आला की तो ह्यांतील कोणत्या जातीचा आहे हे प्रथम पाहिले पाहिजे.

ह्या दोहोंखेरीज तिसरीही एक रेघ आहे. ती विचारते, 'तू काय देतोस?' हिचे उत्तम उदाहरण १८७८ चा उत्तर हिंदुस्थानातील उतारांचा कायदा होय. तो मध्यप्रांतासही लागू असल्याने वैनगंगेच्या उतारांवरही त्याचा अंमल होता. सरकारने ठरविलेल्या सार्वजनिक उताराच्या हद्दीपासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून खाजगी उतार चालवू नये, असे ह्या कायद्यात कलम होते. नावेत किती माणसे घ्यावीत, नाव कशी राखावी, ह्यांविषयी नियम करण्याची तरतूदही त्यात होती. पण दोन मैलांचे ते अंतर पाण्यात पडणाऱ्या माणसासाठी नव्हते, ठेकेदाराच्या उत्पन्नासाठी होते. पोहणाराचा जीव राखण्यास आज २०० मीटर पुरतात. उताराचा महसूल राखण्यास मात्र दोन मैल लागत होते, ह्यावरून कोणत्या वस्तूचे मोल किती धरले होते ते उमगते.

जीवितासाठी आखलेली रेघ त्याच राजवटीच्या दुसऱ्या कायद्यात आढळते. १८६० च्या दंडसंहितेतील २८० व्या कलमाने बेदरकारपणे नौका हाकून माणसाचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा ठरविला, आणि २८२ व्या कलमाने मोडकळीस आलेल्या अथवा क्षमतेबाहेर भरलेल्या नावेतून भाडे घेऊन उतारू नेणे हा गुन्हा ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे २८२ व २८४ ह्या क्रमांकांनी कायम आहेत. १९१७ च्या अंतर्देशीय वाफेच्या नौकांच्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमात यंत्राच्या नौकांची नोंदणी व तपासणी सांगितली आहेच. शिवाय यंत्रावाचून चालणाऱ्या नावांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे आपणांस कायद्याची वाण नाही. परंतु दंडाचे कलम हे अपघातानंतर जागे होते. रेघ ही अपघातापूर्वी असावी लागते.

ती नसली म्हणजे काय होते ह्याची उदाहरणे दूरची नाहीत. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीस गेलेल्या तरुणांची नाव उलटून आठ जणांस जलसमाधी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ह्याच वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडण्यास निघालेल्या शेतमजूर स्त्रिया बुडाल्या. एका नावेत हौस होती, दुसरीत पोटाची निकड. पाण्याने दोहोंत भेद केला नाही. वेगाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण मुंबईचे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' ह्या उतारूंच्या नौकेवर यंत्राची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली आणि १५ माणसे प्राणास मुकली. तेथे वादळ नव्हते, लाट नव्हती, अंधारही नव्हता. संथ नौकेच्या नित्याच्या वाटेवर वेगाची चाचणी चालू होती, एवढेच घडले; आणि तेवढे पुरले.

आता गोसीखुर्दचा विचार करू. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते ह्या धरणाची कोनशिला बसली. इंदिरासागर हे त्याचे अधिकृत नाव. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत आणि ३३ दरवाजे असलेल्या ह्या धरणामागे वैनगंगेचे पाणी पसरत पसरत मागे गेले आहे. त्या पाण्यात अनेक गावे गेली; त्यांतील शेते, घरे, देवळे, झाडे तळाशी राहिली आणि माणसे नव्या वसाहतींत गेली. ह्याच पाण्यावर ढिवरांचे डोंगे चालतात, काठच्या गावांची गुरे उतरतात आणि सणापर्वास लोक स्नान करतात. अशा ठिकाणी करमणुकीच्या नौका आल्यास त्यात गैर काही नाही. ज्या जिल्ह्याने आपली गावे देऊन इतरांची शेते भिजविली त्यातील तरुणांस ह्या पाण्यावर काही रोजगार मिळाला, आणि थोडा खेळही मिळाला, तर तो त्यांचा अधिकारच आहे. प्रश्न खेळाचा नाही, क्रमाचा आहे. तिकिटाची खिडकी आधी उघडावयाची आणि रेघ मागाहून, की रेघ आधी आणि खिडकी मागाहून?

वर पाहिलेल्या इतिहासावरून चार गोष्टी सुचतात. पहिली ही की, दूर राहण्याचे बंधन वेगावर असावे. काठालगतच्या पट्ट्यात, आणि जेथे माणूस पाण्यात आहे किंवा जाळे टाकलेले आहे तेथे, यंत्राच्या नौकेने हळू जावे अथवा जाऊच नये. ढिवराने आपले जाळे गुंडाळून वाट द्यावी अशी अपेक्षा करू नये. दुसरी ही की, काठाचे आजचे उपयोग प्रथम नोंदवावेत. कोणत्या गावाची गुरे कोठे उतरतात, जाळी कोणत्या महिन्यात कोठे पडतात, स्नानाची ठिकाणे कोणती, ह्यांची यादी म्हणजे ह्या नव्या पाण्याचा वाजिब-उल-अर्जच होय. आणि असा कागद करण्याची विद्या ह्या जिल्ह्याच्या महसूलखात्यास दीडशे वर्षांपासून अवगत आहे. तिसरी ही की, नाव बुडाली तर उत्तर कोणी द्यावयाचे हे आधी ठरलेले असावे. आज असा प्रसंग आला म्हणजे खाते ठेकेदाराकडे, ठेकेदार नावाड्याकडे आणि नावाडी दैवाकडे बोट दाखवितो. कौटिल्याचा नावध्यक्ष ह्या बाबतीत आपल्याहून अधिक स्पष्ट होता.

चौथी गोष्ट जलाशयाच्या प्रकृतीची आहे, आणि समुद्रावरील नियम जसाच्या तसा उचलून आणणारास ती हटकून फसवील. समुद्राची भरतीओहोटी रोजची असते. धरणाच्या पाण्याची वर्षाची असते. पावसाळ्याअखेर जेथे तुडुंब पाणी, तेथे वैशाखात चिखल व गवत. म्हणजे 'काठापासून २०० मीटर' असे म्हटले तर तो काठ कार्तिकातला की वैशाखातला? पाणी उतरू लागले की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि घरांच्या भिंती पृष्ठभागाच्या जवळ येतात. कार्तिकात निर्धोक असलेली वाट फाल्गुनात घातक होते. म्हणून येथील रेघ तरत्या पिंपांची असावी लागेल, आणि पाण्याच्या पातळीबरोबर तीस सरकवीत राहावे लागेल. ती कोठे सरकवावी हे नकाशावरून थोडे कळेल. परंतु ज्याने त्या जागी नांगर धरला होता, ज्याच्या अंगणातील चिंच त्या जागी होती, त्यास ते अधिक कळेल. विस्थापित गावकऱ्यांजवळ आता त्या गावांचे दुसरे काही उरलेले नाही; पाण्याखालच्या भूगोलाचे ज्ञान मात्र त्यांच्याजवळच आहे. त्यांस व ढिवरांस पहारेकरी व वाटाडे म्हणून वेतन देऊन नेमणे ही दया नव्हे. जलाशयावर सुरक्षितपणे नौका चालविण्याची ती पहिली अट आहे.

ह्यात एक भय राहते ते स्पष्ट बोललेले बरे. सुरक्षिततेच्या नावाने आखलेली रेघ कालांतराने तिकिटाची रेघ होऊ शकते. स्नानाची जागा एका सुशोभित घाटापुरती ठरली, त्या घाटास प्रवेशमूल्य लागले आणि उरलेल्या काठावर 'येथे उतरू नये' असे फलक लागले, तर अपघात कदाचित कमी होतील. पण काठचा मनुष्य आपल्याच नदीस परका होईल. 'तू काय करीत आहेस?' असे विचारीत आलेला नियम 'तू काय देतोस?' असे विचारू लागेल. आणि जे देऊ शकत नाहीत ते बहुतेक तेच असतील, ज्यांस पूर्वी 'तू कोण आहेस?' असे विचारून दूर उभे केले जात होते. म्हणून जलाशयाच्या नियमांत स्वारांसाठी मनाईची कलमे जितकी असतील, तितक्याच ठळक अक्षरांत काठच्या लोकांच्या निस्ताराचे कलम असले पाहिजे: त्यांचे स्नान, त्यांची गुरे, त्यांची जाळी ही परवान्यावाचून व मूल्यावाचून चालू राहतील. अर्थशास्त्राने कैवर्तांस व गुराख्यांस जी सूट दिली होती तिचा हा आजचा अनुवाद होईल.

पावसाळा संपून जलाशय भरला की काठावर गर्दी होते, आणि हौशी लोकांची पावलेही त्याच सुमारास इकडे वळतात. रेघ आखण्याचा काळ त्याच्या आधीचा, उन्हाळ्याचा आहे. त्या वेळी पाणी मागे हटलेले असते, बुडालेल्या भिंती उघड्या पडलेल्या असतात, आणि ढिवर, गुराखी, जुने गावकरी ह्यांस बरोबर घेऊन अधिकाऱ्यास त्या तळावरून पायी हिंडता येते. पाण्यावर रेघ उमटत नाही हे खरे. पण पाणी ओसरले असता जमिनीवर ती पाहून ठेवता येते.